दिवसाला एक मिलिमीटर

कॉटच्या पायावर करंगळी आपटली की आधी कळतं, दुखतं नंतर. मधल्या त्या जेमतेम सेकंदभरात आपल्याला पुरतं ठाऊक असतं की आता कळ येणार. आपण दात आवळतो, एक पाय उचलून उभे राहतो, आणि मग ती येते. तीही दोन हप्त्यांत. आधी एक धारदार चमक. ती विरतेय तोवर मागून जळजळती, खोल, 'आई गं' म्हणायला लावणारी. जन्मभर ठेचकाळूनही या क्रमाकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. आता जातं, कारण गेली काही वर्षं मी नसांच्या वेगाचा नको इतका विचार केलाय.

ठेच एकच, पण तिची खबर तीन प्रकारच्या तंतूंमधून निघते. स्पर्शाचे तंतू जाड असतात आणि त्यांच्यावर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. त्यांतून संदेश सेकंदाला ३५ ते ७५ मीटर धावतो. टोचऱ्या कळेचे तंतू बारीक, आवरणही पातळ. त्यांचा वेग ५ ते ३० मीटर. जळजळीचे तंतू सगळ्यांत बारीक आणि उघडेच. त्यांचा वेग अर्धा ते दोन मीटर. म्हणजे पायाच्या बोटातली आग कमरेपर्यंत येते ती रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. अमेरिकेतल्या एर्लांगर आणि गॅसर या दोघांनी हे तंतू जाडी आणि वेगानुसार वेगळे काढून दाखवले, आणि त्यांना १९४४ चं नोबेल मिळालं.

नसेतल्या संदेशाला मोजण्याजोगा वेग असतो हेच मुळात पटायला जड होतं. योहानेस म्युलर हा जर्मन शरीरशास्त्रातला मोठा माणूस. त्याचं म्हणणं असं, की हा वेग मोजायचं साधन बहुधा आपल्या हाती कधीच येणार नाही. त्याच्याच शिष्यानं, हर्मान हेल्महोल्ट्झनं, १८४९-५० च्या सुमारास क्योनिग्सबर्गमध्ये तो मोजला. बेडकाच्या पोटरीचा स्नायू घेतला, त्याला जोडलेली नस तशीच ठेवली. नसेला एकदा स्नायूजवळ विजेचा झटका दिला, एकदा लांबून. लांबून दिला की स्नायू किंचित उशिरा आखडायचा. तो उशीर आणि ते अंतर, एवढ्यावरून वेग निघाला: सेकंदाला साधारण २७ मीटर. ताशी शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. हायवेवर आपल्याला सहज मागे टाकून जाणाऱ्या गाडीचा वेग.

हेल्महोल्ट्झच्या वडिलांना मुलाचा हा निष्कर्ष रुचला नाही. पेशानं शिक्षक, तत्त्वज्ञानाची आवड. त्यांनी पत्रात लिहिलं, की विचार आणि त्याची शारीरिक हालचाल हे एकाच वेळी घडणारं एकच कृत्य आहे असं मी मानतो. अब्राहमच्या काळी नाहीसा झालेला तारा आजही दिसतो हे मला जसं मान्य होणार नाही, तसंच हेही. मला हे पत्र फार आवडतं. एका वाक्यात दोन उदाहरणं दिली आणि दोन्ही उलटी निघाली.

हा झाला नसेचा वेगवान चेहरा. शाळेत शिकवतात तो हाच. माझी गाठ पडली ती दुसऱ्या चेहऱ्याशी.

वळवाच्या पावसाआधीचा वारा सुटला होता. जिन्यातली खिडकी आपटायला लागली म्हणून ओढून घ्यायला गेले आणि तावदान फुटून उजव्या मनगटावर आलं. आम्ही सांगलीचे, म्हणजे असं काही झालं की मिरज गाठायची. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?" सांगितलं. पट्टी बांधताना पुन्हा विचारलं, "काचच ना नक्की?" मग सिस्टरनी माझ्या नवऱ्याला फॉर्म भरायला बाहेर पाठवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, घरी काही त्रास आहे का?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

फोनवरून बातमी पसरली तीसुद्धा 'हिच्या हाताची नस कापली' अशीच. मग काय. भेटायला येणारे दारातूनच गंभीर चेहऱ्यानं शिरायचे, नवऱ्याकडे एकदा तिरकं बघायचे. एका मावशींनी पोथी आणून उशाशी ठेवली आणि माझा डावा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मन घट्ट करायचं बाई." काच, खिडकी, वारा, सगळं पुन्हा सांगितलं. "हो हो," म्हणाल्या, "वारा होता खरा."

दोष त्यांचा नाही. आपल्याकडे नस म्हणजे रक्तवाहिनी, नस म्हणजे मज्जातंतू, आणि रात्री पोटरीत गोळा आला की 'नस चढली' म्हणतो तेव्हा तर तो स्नायूच. शीरही तशीच. रागानं कपाळावर तटतटते ती रक्ताची, मान अवघडल्यावर आखडते ती कसली ते सांगता येत नाही, आणि शिरा ताणून भांडणाऱ्याच्या मानेवर जे दिसतं त्यात सगळंच असतं. पाठ्यपुस्तकानं चेता, चेतापेशी, अक्षतंतू असे स्वच्छ वेगळे शब्द दिलेत, पण दहावीचा पेपर देऊन झाला की ते कुणी पुन्हा उच्चारत नाही. आपणच असे ढिसाळ, असंही नाही. जुन्या ग्रीकांचा 'न्यूरॉन' हा शब्द स्नायूचा बंध, धनुष्याची दोरी अशा अर्थानं चालायचा. मज्जातंतूच्या वाट्याला तो नंतर आला. कापून पाहिल्याशिवाय हे तिन्ही दोरे वेगळे कळतच नाहीत. माझ्या मनगटात तिन्ही होते: एक रक्तवाहिनी, काही स्नायुबंध, आणि मधोमध जाणारी मीडियन नर्व्ह.

रक्तवाहिनीचं काम त्याच रात्री संपलं. स्नायुबंध शिवले, हात प्लास्टरच्या पट्टीत गेला, आठवड्यांनी बाहेर आला. नस राहिली.

माझ्या नवऱ्याचा इलेक्ट्रिकच्या कामांचा धंदा आहे. त्यानं सर्जनना विचारलं, "सर, जोड दिलाय ना? मग करंट का जात नाही?"

सर्जन हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. नस चार-पाच मिलिमीटर जाडीची, आत हजारो तंतू. केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्यानं, मायक्रोस्कोपखाली त्यांनी शिवलं ते फक्त वरचं आवरण. आतले तंतू कुणीही शिवू शकत नाही. "आणि खालचे तंतू तर मरणारच," ते म्हणाले. "कापल्यापासून बोटांपर्यंतचे सगळे. वरून नवे फुटतील, ते उतरत उतरत खाली जातील. दिवसाला एक मिलिमीटर धरा. तेही सगळं नीट असेल तर."

"औषध?" नवऱ्यानं विचारलं.

"वाट बघणं."

खालचे तंतू मरणारच, हे पहिल्यांदा पाहिलं ऑगस्टस वॉलर या इंग्लिश डॉक्टरनं, तेही १८५० सालीच. हेल्महोल्ट्झ बेडकाच्या पायावर झटके देत होता त्याच काळात वॉलर बेडकाच्या जिभेच्या नसा कापत होता. बेडकाची जीभ इतकी पातळ की जिवंतपणी मायक्रोस्कोपखाली ताणून धरता येते. नस कापल्यावर काही दिवसांत मेंदूकडचा भाग ठणठणीत राहिला आणि जिभेकडच्या भागाचे तुकडे तुकडे होत गेले. नसेचं पोषण कुठून तरी वरून होतं, आणि तिथला संबंध तुटला की खालचं जगत नाही, हे त्यातून पुढे आलं. एकाच साली एका बेडकानं नसेचा वेग सांगितला आणि दुसऱ्यानं तिचं परावलंबन. पहिल्या बेडकाची गोष्ट जास्त सांगितली जाते.

कारण कळायला आणखी बराच काळ जावा लागला. तर्जनीच्या टोकाला जाणवणारा स्पर्श ज्या पेशीचा, त्या पेशीचं मुख्य शरीर मानेत असतं, मणक्याच्या कडेला, डोळ्यांना दिसणारच नाही इतकं लहान. तिथून तिचा एकच धागा निघतो तो खांदा, दंड, कोपर, मनगट करत बोटाच्या पेरापर्यंत. पाऊण मीटरहून जास्त लांब, आणि ही सगळी एकच पेशी. प्रथिनं तयार होतात ती बहुतेक सगळी मानेत, लागतात बोटात. मग ती पोचवायची कशी? काही माल झपाट्यानं जातो: दिवसाला ४० सेंटीमीटरपर्यंत. कायनेसिन नावाचं प्रथिन, जे १९८५ मध्ये स्क्विडच्या नसेत सापडलं, तो माल पाठीवर घेऊन ८ नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत चालतं. असा माल मानेतून बोटाशी दोनेक दिवसांत पोचतो. पण धाग्याचा सांगाडा ज्यापासून बनतो ती प्रथिनं दिवसाला मिलिमीटर, दोन मिलिमीटर, फार तर काही मिलिमीटर सरकतात. आज मानेत तयार झालेलं असं एखादं प्रथिन मिलिमीटरच्या चालीनं माझ्या बोटात यायला दोन वर्षांहून जास्त लागतील. नवा धागा फुटून वाढायचा तर सांगाडा लागणारच, म्हणून वाढीलाही तीच चाल.

पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी १९४८ मध्ये हे फार साध्या युक्तीनं दाखवलं होतं. नसेभोवती घट्ट कडं बसवलं. कड्याच्या वरच्या अंगाला तंतू फुगत गेले, खालच्या अंगाला रोडावले. कडं काढल्यावर तुंबलेला ऐवज हळूहळू खाली सरकला, दिवसाला एक-दोन मिलिमीटर.

म्हणजे एकाच पेशीत स्पर्शाची खबर बोटातून मानेत जायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, तातडीचं सामान उलट यायला दोन दिवस लागतात आणि बांधकामाचं यायला वर्षं. 'तार' म्हटलं की यातला पहिलाच वेग डोळ्यांसमोर येतो आणि बाकीचे दोन झाकले जातात. म्हणून तर नवरा, चांगला शहाणासुरता माणूस, सहा आठवड्यांनी म्हणाला, "अजून काहीच नाही?" माझ्या मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत १७-१८ सेंटीमीटर. हिशेब करून दाखवला. गप्प बसला.

मीडियन नर्व्हचा इलाखा तळहाताच्या बाजूला अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका. अर्धी म्हणजे खरोखर अर्धी. अनामिकेच्या मधून एक रेघ गेली होती. करंगळीकडची बाजू माझी, अलीकडची कुणाची तरी. पहिल्या दिवसांत मी डाव्या हाताच्या नखानं ती रेघ शोधत बसायचे. आणखी एक गंमत भांडी घासताना लक्षात आली. बराच वेळ पाण्यात राहिल्यावर करंगळी नेहमीसारखी सुरकुतली, तर्जनी आणि मधलं बोट मात्र गुळगुळीत. थेरपीवाल्या मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, "काकू, ही टेस्टच आहे." १९७३ मध्ये एका आयरिश सर्जननं ती लिहून ठेवलीय: ज्या बोटाची नस गेली, त्याची कातडी पाण्यात सुरकुतत नाही. मला वाटायचं सुरकुत्या म्हणजे पाणी मुरल्यामुळे. त्या सुरकुत्यासुद्धा नसच पाडते.

या सगळ्या वाट पाहण्यात मला सोबत झाली ती हेन्री हेडची. लंडनचा न्यूरॉलॉजिस्ट. त्याच्याकडे नसा तुटलेले रुग्ण यायचे आणि तो त्यांना विचारायचा, काय जाणवतं? त्यांना धड सांगता यायचं नाही. (मलाही यायचं नाही. 'जाड वाटतं' यापलीकडे मी गेले नाही.) वैतागून त्यानं १९०३ च्या एप्रिलमध्ये स्वतःच्या डाव्या हाताच्या कातडीची नस कोपराजवळ कापून घेतली आणि लगेच शिवून घेतली. मग चारेक वर्षं तो सवडीनं केंब्रिजला जात राहिला, सेंट जॉन्स कॉलेजात मित्राच्या खोलीवर. डोळे मिटून बसायचा, आणि मित्र त्याच्या हातावर कापूस, टाचणी, गरम-थंड नळ्या, कंपासची टोकं टेकवून नोंदी करायचा. आधी परतली ती अडाणी संवेदना. टाचणी टोचली की भलत्याच ठिकाणी, पसरून, असह्य टोचायची. कापूस फिरवला तर काहीच नाही. नाजूक, नेमका स्पर्श फार मागाहून आला, तोही पुरता नाही. यावरून हेडनं संवेदनेच्या दोन वेगळ्या यंत्रणांचा सिद्धांत मांडला. ट्रॉटर आणि डेव्हिस या दोघा सर्जनांना तो पटला नाही, तर त्यांनी स्वतःच्या मिळून सात नसा कापून घेतल्या आणि १९०९ मध्ये छापलं की आम्हाला असं काही दिसलं नाही. सिद्धांत पुढे टिकला नाही. पण भांडायची ही रीत पाहून मी थक्क झाले. आमच्याकडे नुसत्या शिरा ताणतात.

हेडचा तो मित्र म्हणजे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. हाताच्या प्रयोगाआधी, १९०१-०२ मध्ये, तो आपल्या निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहून गेला होता. त्यांच्यावरचं त्याचं जाडजूड पुस्तक १९०६ मध्ये आलं. पहिल्या महायुद्धात तो एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात अधिकाऱ्यांवर उपचार करत होता. हातपाय धड, जखम नाही, पण बोबडी वळलेली, झोप उडालेली, हात थरथरणारे. चार्ल्स मायर्सनं, जो रिव्हर्सचाच विद्यार्थी, १९१५ मध्ये या दुखण्याला 'शेल शॉक' म्हणून छापील रूप दिलं. अधिकाऱ्याला झालं तर कागदावर बहुतेक 'न्यूरास्थेनिया' लिहायचे, म्हणजे नसांचा थकवा. साध्या शिपायाला झालं तर 'हिस्टेरिया'. नसा थकायलासुद्धा हुद्दा लागायचा. न्यूरास्थेनियाचा बोलबाला केला तो अमेरिकेतल्या जॉर्ज बिअर्डनं. १८८१ च्या पुस्तकात त्यानं कारणं दिली ती वाफेचं इंजिन, वर्तमानपत्रं, तारयंत्र, विज्ञान आणि बायकांचं डोकं चालवणं. शेवटचं वाचून मी मोठ्यांदा हसले.

इंग्रजांची हिंमत अशी नसांत असते. ती गेली की 'नर्व्ह' गेली, निर्लज्जपणा केला तरी 'नर्व्ह'च. आपण हिंमत छातीत ठेवतो, काळजात ठेवतो. भीतीनं आपल्या पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, पाचावर धारण बसते. नसांना यात काम नव्हतं. इंटरव्ह्यू आले, ऑडिशन आल्या, तेव्हा 'नर्व्हस' तेवढा उसना घेतला.

इकडे माझ्या हातावर सर्जन दर भेटीत बोटानं टिचक्या मारायचे, मनगटापासून खाली. एका ठिकाणी टिचकी बसली की मेलेल्या बोटांत झर्रकन मुंग्या धावायच्या. ते तिथे पेननं फुली करायचे. ती फुली म्हणजे नव्या तंतूंची टोकं जिथवर आली ती जागा. ज्यूल तिनेल या फ्रेंच डॉक्टरनं महायुद्धातल्या जखमींवर १९१५ मध्ये ही खूण वर्णन केली आणि तिला नावही 'मुंग्यांची खूण' असंच दिलं. तळहाताच्या मध्यावर फुली आली त्या दिवशी आम्ही मिरजेहून येताना पेढे घेतले.

बधिर हाताची धास्ती वेगळीच. तव्याच्या कडेला तर्जनी टेकून राहिली होती आणि मला ते कळलं वासानं. फोड आला तो दुखला नाही, म्हणून पुन्हा त्याच बोटानं चिमटा धरला. थेरपीवाली रागावली. "काकू, आता हात डोळ्यांनी सांभाळायचा. कुष्ठरोगाच्या पेशंटला शिकवतो तेच तुम्हाला शिकवतेय."

ती उगाच म्हणाली नव्हती. हातापायाच्या बधिरतेबद्दल भारतात जे शहाणपण जमा झालं, त्यातलं पुष्कळसं कुष्ठरोगातून आलंय. बोटं रोगानं कुजून झडतात असा सार्वत्रिक समज होता. पॉल ब्रँड हे सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की दुखणं कळत नाही म्हणून माणूस तेच बोट पुन्हा भाजतो, कापतो, घासतो, आणि बोट जातं ते त्या जखमांनी. जंतूंचा हल्ला असतो नसांवर, त्यातही कातडीजवळून जाणाऱ्या, जरा थंड राहणाऱ्या नसांवर. विदर्भात गावोगाव तपासणीला जाणारे कार्यकर्ते कोपराच्या मागे हाडाच्या खोबणीत बोट घालून नस चाचपायचे. जाड लागली की संशय. कोपर आपटल्यावर करंट बसतो ती हीच. अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन आपण त्यागाच्या गोष्टी म्हणून ऐकत आलो, आणि त्या आहेतच. पण तिथल्या प्रत्येकाच्या गोष्टीच्या मुळाशी मुकी झालेली एखादी नस होती, हे मला माझं बोट भाजल्यावर उमगलं. जंतूही नसेला शोभेल असाच संथ. आतड्यातले ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतात. हॅन्सेननं १८७३ मध्ये नॉर्वेत पाहिलेल्या या जंतूला दुप्पट व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. लागण झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत पाच वर्षं जातात, कधी वीस.

स्पर्श बोटांत उतरला तेव्हा खरी शाळा सुरू झाली. कारण तंतू उतरतात ते आंधळेपणानं. जुन्या तंतूंच्या पोकळ नळ्या वाट दाखवायला शिल्लक असतात, पण कुठला अंकुर कुठल्या नळीत शिरेल याचा भरवसा नाही. नव्या सोसायटीत पोस्टमनसुद्धा नवा असावा तसं झालं: पत्रं येत होती, पण शेजारच्या पेटीत. तर्जनी चिमटली की मधलं बोट दुखायचं. मेंदूला हे पत्ते नव्यानं पाठ करावे लागतात. लहान मुलांना ते चटकन जमतं, पन्नाशीच्या बाईला जमेल तेवढं. "माझं शिवणकाम अर्धंच," सर्जन म्हणाले होते, "उरलेलं डोक्यात."

थेरपीच्या खोलीत स्टीलचे डबे होते: तांदूळ, राजमा, साबुदाणा, बाजरी. आधी डोळे उघडे ठेवून हात घालायचा, मग मिटून, मग पुन्हा बघायचं. राजमा पहिल्या आठवड्यातच ओळखता आला. तांदळात लपवलेली किल्ली, बटण, सेफ्टी पिन शोधायला महिने गेले. साबुदाणा आणि बाजरी मात्र छळायची. साबुदाणा थोडा थंड लागतो आणि हाताला पीठ लागतं, ही युक्ती मी शोधून काढली, तर ती पोरगी म्हणाली, "ही चीटिंग झाली, काकू."

तिथून स्टँडकडे न जाता मी कधीकधी तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या दुकानांवरून चक्कर मारायचे. मिरजेत ती गल्लीच आहे. एका दुकानात एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसलेले असायचे. घोडीचा माथा कानशीनं किंचित घासायचा, तार खाली घेऊन छेडायची, तारेखाली दोरा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तासन्‌तास. एकदा त्यांनी मला म्हटलं, "बघता का छेडून?" मी तर्जनीनं तार छेडली. आवाज घुमला, खोलीभर. बोटात काहीही नव्हतं, अगदी काही नाही. तार मीच छेडली याला पुरावा फक्त कानांचा. त्यांनी माझा हात पाहिला, मनगटावरचा व्रण पाहिला, आणि काही न विचारता म्हणाले, "येत जा. रोज छेडा." मी गेलेही. काही महिन्यांनी तारेचा कंप पहिल्यांदा हाताला लागला तो अंगठ्याच्या बुडाशी. तार अर्थात तर्जनीनं छेडली होती.

शेवटी एनसीव्ही केली. नसेची गती मोजायची तपासणी. टेक्निशियननं मनगटावर एक झटका दिला, कोपराच्या आत एक, पडद्यावर दोन लाटा उमटल्या, मग त्यानं टेलरच्या टेपनं दोन खुणांमधलं अंतर मोजलं आणि भागाकार केला. पावणेदोनशे वर्षांत पद्धतीत काडीचाही फरक नाही. फक्त बेडकाच्या जागी मी. मनगटाच्या वर वेग चांगला पन्नासच्या पुढे, मनगटापासून बोटापर्यंत तिशीच्या आसपास. नव्या तंतूंवरचं मायलिन पातळच राहतं, म्हणून. "म्हणजे बेडकाच्या पातळीवर आलीस," नवरा म्हणाला. त्याला हेल्महोल्ट्झ मीच सांगितला होता.

श्रेयाचा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण बी-ट्वेल्व्हच्या लाल इंजेक्शनची आठवण करायचा. माझं बी-ट्वेल्व्ह मुळात कमी नव्हतंच. आत्याचा भर तेलावर. पहिल्या महिन्यापासून ती दर रविवारी येऊन कोमट तेलानं माझं एकेक बोट चोळते आहे. मी तिला मानेतली पेशी सांगितली, कायनेसिनची पावलं सांगितली, मिलिमीटरचा हिशेब सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तेलानं आत काही पोचत नाही गं आत्या."

"न पोचेना. तुला आता कळतंय ना मी चोळतेय ते?"

"कळतंय. पण तू तर्जनी चोळतेयस आणि मला मधल्यात कळतंय."

"असं?" म्हणाली, आणि वाटीत बोट बुडवलं. "मग मधलंही दे इकडे."